भाऊ दाजी लाड संग्रहालय पहिल्यांदा बघायला जाताना

मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे प्राणिसंग्रहालयात, शिरणारी गर्दी सरळ पेंग्विनकडे वळते. फाटकाला लागून एक जुनी, खांबाखांबांची दुमजली इमारत आहे, तिच्याकडे बघून कुणीतरी "हे काय आहे?" विचारतं, कुणीतरी "म्युझियम असेल" म्हणतं आणि सगळे पुढे जातात. मी स्वतः पहिल्यांदा गेलो तेव्हा अख्खं संग्रहालय वीस मिनिटांत उरकलं होतं. बाहेर येऊन मित्राला सांगितलं, "छत भारी आहे." वस्तू कुठल्या होत्या विचारलं असतं तर एकही सांगता आली नसती.

नंतर बऱ्याच वेळा गेलो. कधी पाहुण्यांना दाखवायला, कधी पावसात अडकलो म्हणून. या चकरांमध्ये जी पद्धत बसली ती इथे लिहितो. संग्रहालय सजावटीच्या कलांचं आहे. म्हणजे इथे शिवकालीन तलवारी किंवा यादवकालीन मूर्ती शोधायला जाऊ नका, निराशा होईल. इथे डबे आहेत, सुरया, चहाच्या किटल्या, फुलदाण्या, पत्ते, बाहुल्या. घरातल्या वस्तूंची जत्राच. गंमत अशी की यातल्या पुष्कळशा वस्तू कुठल्याच घरात कधी वापरल्या गेल्या नाहीत. हे का, ते ध्यानात आलं की सगळं संग्रहालय वेगळं दिसायला लागतं.

१. निघण्याआधी

बुधवारी जाऊ नका, सुट्टी असते. इमारत दीडशे वर्षांची आहे, डागडुजीसाठी दालनं किंवा अख्खं संग्रहालय बंद राहू शकतं, तेव्हा घरून निघताना उघडं आहे ना एवढी खात्री करून घ्या. मध्य रेल्वेने भायखळ्याला उतरा, पूर्वेला बाहेर पडा, तिथून चालत जाता येतं. संग्रहालयाचं तिकीट बागेच्या तिकिटापेक्षा वेगळं आहे. आधी संग्रहालय, मग बाग, हा क्रम सोडू नका. उलट केलंत तर पाय दुखायला लागलेले असतात आणि मुलं किरकिर करत असतात.

सोबत तीन गोष्टी घ्या. जवळचा चष्मा लागत असेल तर तो, कारण इथलं काम बारीक आहे आणि पाट्याही बारीक. एक लहान वही आणि पेन्सिल. तिसरी गोष्ट, खिशात मावणारं भिंग. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघता येतं, पण त्याआधी फोटोला परवानगी आहे का ते तिकीट खिडकीवर विचारा आणि फ्लॅश बंद ठेवा.

दोन तास हाताशी असू द्या. एका तासात होतं, पण मग तुम्हीही छतच बघून याल.

२. ही एवढी गोष्ट माहीत असू द्या

१८५१ साली लंडनला जगभरच्या मालाचं प्रचंड प्रदर्शन भरलं. यंत्रावर भराभर माल काढणाऱ्या इंग्लंडला तिथे भारतातल्या हातच्या कामाने चकित केलं. मग १८५५ मध्ये पॅरिसला प्रदर्शन ठरलं, तेव्हा मुंबई इलाख्यातूनही वस्तू गोळा झाल्या. पाठवायच्या वस्तूंची एकेक जोड मुंबईतच ठेवून घेतली आणि तिच्यातून संग्रहालय सुरू झालं. तेव्हा ते फोर्टातल्या एका बराकीत होतं. दोनच वर्षांत १८५७ चा उठाव झाला, सैन्याला जागा हवी झाली, वस्तू घाईघाईने बाहेर काढल्या गेल्या आणि बऱ्याच मोडल्या, नासल्या.

डॉ. जॉर्ज बर्डवुड या इंग्रज अधिकाऱ्याने उरलासुरला संग्रह सांभाळला. नवी इमारत बांधायची म्हणून शहरातून वर्गणी जमवायला नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड पुढे झाले. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या अगदी पहिल्या डॉक्टरांपैकी एक, शिलालेख वाचणारे संशोधक आणि मुंबईचे शेरीफही झालेले. १८६२ साली पायाभरणी झाली. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस थांबला होता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव होता, त्यामुळे शहराच्या खिशात पैसा खुळखुळत होता. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या आणि इमारतीचं काम रखडलं. शेवटी १८७२ च्या मे महिन्यात दारं उघडली. पाटीवर नाव होतं व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम. भाऊ दाजींचं नाव लागायला १९७५ साल उजाडावं लागलं.

एवढं पुरे. यातला एकच धागा घट्ट धरून ठेवा: सुरुवात प्रदर्शनासाठी गोळा केलेल्या मालातून झाली.

३. आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं कपाटांकडे बघू नका

छत भारी आहे हे मी मघाशी चेष्टेने लिहिलं, पण ते खरंच आहे आणि त्याचा पहिल्यांदाच निकाल लावलेला बरा. दालनाच्या मधोमध उभे राहा. ओतीव लोखंडाचे उंच खांब, वर चौफेर सज्जा, छतावर नक्षी आणि सोन्याचा वर्ख. खाली बघा. पायाखालच्या रंगीत फरश्या इंग्लंडातल्या मिंटन कारखान्याच्या. खांबांचं लोखंडही तिकडूनच आलेलं. म्हणजे हातच्या कामाचं कौतुक करणारं हे घर स्वतः कारखान्यातल्या साच्यांतून निघालेलं आहे! एकाच नक्षीचे खांब ओळीने उभे आहेत, एकसारखे एक. ही एकसारखी नक्षी डोळ्यांत भरून घ्या. पुढे कपाटात हातची नक्षी बघाल तेव्हा ती किंचित डुगडुगताना दिसेल, एक पाकळी जाड, दुसरी बारीक. तो फरक कळायला खांब आधी बघितलेले असावे लागतात.

हे सगळं कित्येक वर्षं धुळीत आणि ओलीत होतं. २००३ मध्ये महापालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून दुरुस्ती हाती घेतली. त्या कामाला २००५ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं.

समोर प्रिन्स आल्बर्टचा, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्याचा, संगमरवरी पुतळा आहे. शिल्पकार मॅथ्यू नोबल, पैसे दिले डेव्हिड ससून यांनी. ससून बगदादहून आलेले यहुदी व्यापारी, त्यामुळे बैठकीवर हिब्रू अक्षरं आहेत ती शोधा. मुलांना हे काम द्या, पाच मिनिटं शांतता मिळते. नोबलचं नाव लक्षात ठेवा, बाहेर पडताना परत लागेल.

४. एक कपाट निवडा आणि चार प्रश्न विचारा

सगळं बघायचंय, ही नवख्याची पहिली चूक. दुसरी चूक, आधी पाटी वाचायची आणि वस्तूकडे ओझरतं बघून पुढच्या पाटीकडे सरकायचं. मी लोकांना उलटं करायला सांगतो. एका कपाटापाशी थांबा, एक वस्तू निवडा, पाटीवर हात ठेवल्यासारखं करा आणि स्वतःला विचारा: हे कशाचं आहे? कसं केलं असेल? कुठलं असेल? आणि कुणासाठी?

पहिल्या तिघांची उत्तरं पाटीवर सापडतात. चौथ्याचं बहुतेक वेळा सापडत नाही, ते वस्तूवरूनच काढावं लागतं. आणि सगळी मजा चौथ्यात आहे.

वहीत वस्तूचं चित्र काढा. चित्रकला येत नसली तरी काढा. सुरईची मान किती उंच आहे हे कागदावर उतरवायचं तर डोळ्यांना दहा वेळा तिच्याकडे जावं लागतं. एरवी आपण तिच्याकडे एकदाच बघतो.

५. काचेला नाक लावून: चंदनी डबे

सुरुवात करायला मुंबईच्या डब्यांसारखी वस्तू नाही. चंदनाच्या किंवा शिसवीच्या पेट्या, कागद ठेवायच्या, शिवणकामाच्या, हातमोज्यांच्या. झाकणाच्या कडेने चांदण्या-षटकोनांची चिमुकली नक्षी फिरलेली असते. या कामाला सडेली म्हणतात. हे काम इराणातून सिंधमार्गे सुरतेला आणि तिथून मुंबईला आलं, आणि इंग्रज गिऱ्हाइकांत ते 'बॉम्बे बॉक्स' म्हणून खपलं.

पहिल्या नजरेला वाटतं, कुणीतरी चिमट्याने एकेक कण उचलून चिकटवला असणार. तसं नाही. कारागीर हस्तिदंत, आबनूस, शिंग, कथील, रंगवलेलं हाड यांच्या बारीक त्रिकोणी काड्या करतो. त्या अशा जुळवतो की जुडीच्या टोकाकडून पाहिलं तर चांदणी दिसावी. जुडी सरसाने चिकटवून करकचून बांधतो, आणि वाळली की आडवे पातळ काप काढतो. प्रत्येक कापावर तीच चांदणी. अळूवडीचा उंडा आठवा. पानं लावताना जी काय मेहनत असेल ती असेल, एकदा उंडा उकडला की सुरी फिरवायची आणि प्रत्येक वडीवर तेच चक्र! ते काप मग पेटीवर एकाशेजारी एक चिकटवतात.

आता भिंग लावा. चांदण्या एकसारख्या आहेत, पण जिथे एक काप संपून दुसरा सुरू होतो तिथे सांधा दिसतो. कोपऱ्यावर तर अर्धी चांदणी कापून बसवलेली सापडेल. ते सापडलं की "कसं केलं" याचं उत्तर तुम्ही स्वतः मिळवलंत, पाटीशिवाय. (हस्तिदंताचा व्यापार आता कायद्याने बंद आहे. तेव्हा चोरबाजारात कुणी "जुनी सडेली पेटी, असली हाथीदांत" म्हणत असेल तर हात मागे घ्या.)

चौथा प्रश्न विचारा. हातमोज्यांची पेटी. मुंबईच्या उकाड्यात हातमोजे कोण घालणार? पेटी बनली इथे, पण ती उघडणार होती एखादी मडम, तीही बहुतेक बोटीने परत गेल्यावर, तिकडच्या थंडीत.

६. बिदरी आणि चांदी

काळ्याभोर धातूवर चांदीची वेल, हे बिदरीचं काम. गाव बिदर, पूर्वी बहमनींची राजधानी, आज कर्नाटकात, उदगीरहून फार लांब नाही. बहुतेकांना वाटतं की भांडं काळ्या रंगाने रंगवलेलं आहे. धातू मुळात राखाडी असतो: जस्त पुष्कळ आणि त्यात थोडं तांबं. ओतून काढलेलं भांडं कानसीने घासतात आणि त्यावर मोरचुदाचं पाणी फिरवतात. त्याने वरवर काळसर छटा येते, म्हणजे नक्षी कोरताना रेघ उठून दिसावी. छिन्नीने चर पाडायचे, त्यात चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा, परत घासून सपाट करायचं. या घडीला सगळं भांडं पांढुरकं असतं, चांदी कुठली आणि जस्त कुठलं ते कळतही नाही. मग शेवटची करामत. बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर कालवून तापलेल्या भांड्याला चोळतात. धातू काळाठिक्कर पडतो, चांदीला काही होत नाही. नक्षी त्या क्षणी उजळून वर येते. कुणी ते करताना बघायला मिळालं तर सोडू नका.

काचेतून बघताना सुरईच्या मानेकडे आणि तळाकडे बघा. हुक्क्याचा तळ असेल तर तो आधी नक्की वापरासाठीच होता, नवाबी घरांत बिदरी हुक्के होतेच. पण शेजारी बिदरीची फुलदाणी असेल तर थांबा. फुलं दांड्यासकट पाण्यात खोचून टेबलावर मांडायची पद्धत आपली नाही. आपल्याकडे फुलं देवाला, केसांत, हारात. म्हणजे हात तोच, वेल तीच, गिऱ्हाईक बदललं.

चांदीच्या कपाटात हे सगळ्यात लख्ख दिसतं. कच्छी चांदीचं काम म्हणजे दाट उठावाच्या वेली. भांड्यात राळ भरतात, म्हणजे पत्रा ठोक्याखाली फाटत नाही, आणि मग बाहेरून आणि आतून ठोकून नक्षी उठवतात. सोनाराकडे वाटी ठोकताना पाहिली असेल तर राळ माहीतच असेल. अशा नक्षीने मढलेले चहाचे संच त्या काळी भरपूर निघाले: किटली, साखरदाणी, दुधाचा चंबू. मुठीला नाग, झाकणावर हत्ती. चहाच्या किटलीला नागाची मूठ लावायची कल्पना कुठल्या भारतीय घरातली असेल असं मला वाटत नाही. ती साहेबाला 'भारत' वाटावा म्हणून आलेली आहे. काम मात्र अव्वल. कल्पनेला हसावं आणि हाताला नमस्कार करावा, असं माझं या कपाटापाशी दर वेळी होतं.

७. कोकणातलं काही

कोकणातल्या माणसाने दोन गोष्टी शोधाव्यात. एक म्हणजे शिंगकाम. विजयदुर्गाच्या बाजूला गव्याच्या शिंगाच्या वस्तू होत असत. शिंग खोबरेल तेल लावून शेकोटीवर मऊ करायचं, वाकवायचं, मग कोरायचं.

दुसरी म्हणजे सावंतवाडीची गंजिफा. गोल पत्ते, तळहातात मावतील एवढे. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, त्यावर रंग आणि लाखेचा लेप. दशावतारी संच १२० पत्त्यांचा असतो: दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते, त्यात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा. मोगल पद्धतीच्या संचात रंग आठ, म्हणून पत्ते ९६. हा खेळ खरंच खेळला जायचा. सावंतवाडीच्या राजघराण्याने ही कला विसाव्या शतकात पुन्हा उभी केली, चितारी राजवाड्यात बसून पत्ते रंगवतात. तिकडे गेलात तर राजवाडा बघाच.

कपाटांतल्या वस्तू अधूनमधून बदलतात, तेव्हा मी सांगितलेली प्रत्येक वस्तू त्या दिवशी मांडलेली असेलच असं नाही. एखादी नसली तर तिच्या जागी जे आहे त्याला तेच चार प्रश्न विचारा.

८. आर्ट स्कूलची मातीची भांडी

हे कपाट चुकवू नका. माझ्या मते संग्रहालयाचं सार या भांड्यांत आहे.

सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. तिथले इंग्रज मास्तर एका विचित्र पेचात होते. भारतीय कारागिरांना 'शिकवायला' आलेले, आणि मनातून त्यांना पक्कं माहीत की विलायतेत जे कारखान्यांनी मारलं ते इथे अजून जिवंत आहे. १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी या मास्तरांनी शाळेत मातीकाम सुरू केलं. चकचकीत झिलईचं काम महाराष्ट्रातले कुंभार करत नव्हते, ते सिंधमध्ये होतं. म्हणून सिंधी कुंभार बोलावले. त्याच सुमारास, १८७२ पासून, जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होते आणि लेण्यांतली चित्रं उतरवून आणत होते.

आता कपाटातली एखादी मोठी फुलदाणी बघा. घाट युरोपी. झिलई सिंधची. अंगावर अजिंठ्यातल्या आकृती. काढणारा मुंबईचा विद्यार्थी, दाखवणारा इंग्रज मास्तर. आणि फुलदाणी जाणार कुठल्यातरी प्रदर्शनात. "कुठलं?" या प्रश्नाला इथे एक उत्तरच नाही.

हे भेसळ आहे म्हणून नाक मुरडणारे जाणकार मला भेटले आहेत. मला ती मुंबईच वाटते, सगळ्यांची आणि कुणाचीच नाही अशी. भिंगातून आकृतींच्या डोळ्यांकडे बघा. अजिंठ्यातल्या बाईचे अर्धमिटले डोळे भांड्याच्या गोलाईवर उतरवताना कुठे कुठे ते उगाच टक्क उघडे झालेत. पोरगं बिचारं विशीतलं असेल.

९. वरचा मजला: आपली माणसं काचेत

जिना चढून वर गेलात की मुंबईची गोष्ट सांगणारं दालन लागतं. जुने नकाशे, बेटांची रचना, पारशांच्या दख्म्याची (मृतदेह ठेवायच्या मनोऱ्याची) प्रतिकृती आणि मातीच्या छोट्या छोट्या माणसांची ओळ. वेगवेगळ्या जातींचे, धंद्यांचे, पोशाखांचे लोक. डोक्यावरच्या पगड्या-पागोट्यांचे नमुने तर वेगळे मांडलेले आहेत.

मराठी माणूस इथे हमखास अडकतो. माझ्या ओळखीच्या एक काकू ब्राह्मणी, मराठा, भंडारी, प्रभू असं करत करत 'आपली' पगडी शोधत अर्धा तास उभ्या होत्या. सापडली तेव्हा अगदी खूश. मलाही बघायला आवडतं, खोटं कशाला बोला. पण जरा मागे सरून विचारावं: हे कुणी कुणासाठी बनवलं? माणसांना बाटलीतल्या नमुन्यांसारखं जातवार लावून ठेवणारी नजर सरकारी आहे, जनगणनेच्या काळातली. घडवणारे हात मात्र इथलेच. म्हणून मग एखाद्या बाहुलीच्या चेहऱ्यावर मिस्कील भाव निसटून येतो, एखादा बसल्या बसल्या कंटाळलेला दिसतो. तसे चेहरे शोधा. पाट्यांवरच्या जाती विसरल्या तरी चालतील.

मुलं बरोबर असतील तर हा मजला त्यांचा. छोट्या देखाव्यांपुढे ती आपणहून थांबतात, समजावून सांगायची गरज नसते.

१०. बाहेर पडताना: हत्ती आणि राणी

आवारात एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीचं नाव एलिफंटा ठेवलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचं ठरवलं, उचलताना क्रेन तुटली, हत्ती खाली पडून फुटला. तुकडे मग मुंबईतच राहिले आणि १९१४ साली जोडून बागेत उभे केले. सांधे अजून दिसतात, बोट फिरवण्याइतके (फिरवू नका). विलायतेच्या वाटेवर मोडला म्हणून आपल्याकडे राहिला, असं नशीब फार थोड्या वस्तूंना लाभलं.

आवारात शहरातून हलवलेले काही जुने पुतळेही आहेत. त्यात व्हिक्टोरिया राणी शोधा. शिल्पकार तोच, मॅथ्यू नोबल. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला हा पुतळा फोर्टात दिमाखात बसवला होता. १८९६ मध्ये चाफेकर बंधूंनी त्याला डांबर फासलं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली, ती हीच राणी. साठच्या दशकात इंग्रजांचे पुतळे रस्त्यांवरून उठले तेव्हा ती इकडे आली. डोक्यावरचं नक्षीदार छत्र गेलं. नवरा आत सोनेरी छताखाली, बायको बाहेर पावसात.

११. पुढच्या सुट्टीत पुणे

प्रदर्शनासाठी बनलेल्या वस्तू बघून झाल्या की वापरून झिजलेल्या वस्तू बघायला हव्यात, नाहीतर चित्र अर्धवट राहतं. त्यासाठी पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. बाजीराव रस्त्याजवळ आहे, रिक्षावाल्याला नुसतं 'केळकर म्युझियम' सांगितलं की पुरतं.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६ ते १९९०) चष्म्यांच्या धंद्यातले, आणि 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारे. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला. पत्नी कमलाबाईंची साथ होती. गावोगाव हिंडून, माजघरांतून, अडगळीतून, मोडीच्या ढिगांतून वस्तू आणल्या. अशा वीस हजारांच्या वर वस्तू जमल्या आणि त्यांनी त्या सरकारच्या स्वाधीन केल्या. जागेअभावी त्यातला थोडाच भाग मांडलेला असतो. कोथरूडहून उचलून आणून उभारलेला मस्तानी महाल बघायला सगळे जातात, तो बघा, पण तिथेच थांबू नका.

थेट अडकित्त्यांकडे जा. सुपारी कातरायची एवढीशी गोष्ट, पण घोडे, मोर, मिथुनं, काय काय आकार! मग वज्र्या. पायाच्या टाचा घासायची वज्री, खाली खरखरीत आणि वर पक्षी नाहीतर प्राणी. दिवे, पानाचे डबे, दौती, कुलपं, किसण्या, शेवेचे सोरे. भायखळ्याच्या वहीतले चार प्रश्न इथे परत विचारा. चौथ्याचं उत्तर इथे लगेच मिळतं: अडकित्त्याची मूठ जिथे अंगठा बसतो तिथे गुळगुळीत झिजलेली आहे. नक्षी पुसट झाली आहे तिथे कुणाचं तरी बोट रोज बसत होतं. भायखळ्याच्या चांदीच्या किटलीवरचा नाग मात्र अजून पहिल्या दिवशीइतका टोकदार आहे.

जिने बरेच आहेत, गुडघे दुखत असतील तर तळमजला सावकाश बघा आणि वर जायचा हट्ट धरू नका.

वेळ उरला तर कसबा पेठेत तांबट आळी गाठा. तिथे अजून तांब्याची भांडी हाताने ठोकून घडतात. भांड्यावर एकाशेजारी एक गोल ठोके उमटवायचे, याला मठारकाम म्हणतात. ठोक्याने पत्रा घट्ट होतो आणि उजेडात भांडं लखलखतं. घरची जुनी घंगाळं आणि बंब आठवतील. संग्रहालयात "कसं केलं असेल" म्हणून काचेपुढे डोकं खाजवलं होतं, त्याचं उत्तर इथे हाताच्या अंतरावर चाललेलं असतं. आधी विचारा आणि मग आत पाय ठेवा. हातोडी चालू असेल तर तुमचं बोलणं ऐकू जाणार नाही, ठोका थांबेपर्यंत दारातच उभे राहा.